कोऱ्या नखांचे दिवस

कुवेत,
१० नोव्हेंबर १९७७

आक्का,

जयभीम. आधी विशाखाचा माझ्या वाटचा एक पापा घ्या आणि मग पुढं वाचा.

निघोज्याचे हिंदुराव इथं तेल कंपनीत फिटर आहेत, आम्ही एकाच विमानानं आलो, हे मागं लिहिलंच होतं. ते डिसेंबरात रजेवर गावी येतायत. त्यांच्याजवळ एक पत्र्याची डबी देते आहे. उघडलीत की हसाल. आत नेलपॉलिशच्या बारा बाटल्या आहेत, अंगठ्याएवढ्या.

आमच्या हॉस्टेलवरून दवाखान्याकडं जाताना एक दुकान लागतं. लेबनॉनची एक बाई चालवते. काचेच्या कपाटात नुसत्या बाटल्याच बाटल्या. लाल आणि गुलाबी सोडून नखाला तिसरा रंग असतो हे मला ठाऊकच नव्हतं. इथं हिरवा आहे, मोरपिशी आहे, पाटीसारखा राखाडी आहे. एक तर पिकल्या जांभळासारखा, जवळजवळ काळा. मी येता-जाता थांबून बघायची. एकदा त्या बाईनं खुणेनंच सांगितलं, लावून बघ. मी माझी नखं पुढं केली. मुळापाशी कापलेली, साबणानं पांढरी पडलेली. मी लहान मुलांच्या वॉर्डात आहे, तिथं रंग चालत नाही. मॅट्रन रोज सकाळी आम्हाला ओळीत उभं करून हात बघते. तरी मी डबी घेतली. का घेतली, ते मला नीट सांगता येणार नाही.

मुंबई रस्त्यावर ट्रकखाली तुमचे भाऊ भीमराज गेले, तेव्हा बांगड्या फोडायला आलेल्या बायकांना तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. आपल्यात ते नाही म्हणालात. पण ते बाजारातून लाल बाटली आणायचे, ती मग माझीच उघडायची इच्छा गेली. आणि तुम्ही तर दाजींनी दुसरं घर केलं, तुम्ही आमच्याकडं राहायला आलात, तेव्हापासून स्वतःच्या हातांकडं कधी बघितलंच नाहीत. मी असताना दोघींपैकी एकीनं तरी दुसरीला म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

म्हणून आता लांबून म्हणते. तुम्ही लावा. एकेक रंग लावून बघा आणि कसा दिसतो ते मला लिहा. विशाखालाही लावा. ती सहा वर्षांची आहे, तिला कोण काय बोलणार?

ती माझ्याबद्दल विचारते का? खरं लिहा.

तुमची सरू


खराळवाडी, पिंपरी,
६ जानेवारी १९७८

सरू,

आक्काचा जयभीम. तुझी डबी पोचली. हिंदुराव स्वतः निघोज्याहून एसटीनं आले. दारातच म्हणाले, "ताई, तुमच्या भावजयीनं माझं लई नुकसान केलं बघा." नारिंगी बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं. सगळी त्यांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर. बायकोनं विचारलं म्हणे, हा कुठल्या बाईच्या हाताचा रंग? चहा पिता पिता सांगत होते आणि स्वतःच हसत होते. तेव्हा नारिंगी कसा दिसतो ते त्यांच्या बायकोला विचार.

काल गुरुवार, कंपनीला सुट्टी. विशा शाळेतून आली आणि आम्ही दारात चटई टाकून बसलो. कुठला पहिला? ती म्हणाली, हिरवा. मी म्हटलं, "हिरवा कोण लावतं गं?" म्हणाली, "पोपट." मग काय बोलणार!

मला लावता येईना. कंपनीत इंजेक्शनच्या बाटलीवर मी डोळे झाकून लेबल सरळ चिकटवते, पण तो कुंचला केवढासा, आणि उजव्या हाताला डाव्यानं लावायचा. सगळा रंग कातडीवर. विशा म्हणाली, आण इकडं. जीभ दातांत धरून तिनं लावलं आणि सरू, खोटं वाटेल तुला, रेघ कुठं हलली नाही. ओला असताना शेवाळासारखा दिसला, वाळला तसा कच्च्या कैरीच्या सालीवर गेला.

शेजारच्या अंबूबाई हंडा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"जाई, बोटं चेंगरली व्हय गं मशिनीत?"

"न्हाई अंबूबाई, रंग हाय."

"असला? नखं कुजल्यावानी दिसत्यात. आन् कुनासाठी रंगवतीस आता?"

 विशाच म्हणाली, "माझ्यासाठी."

काढायचा कसा ते तू लिहिलंच नाहीस. आमच्या खात्यात रंगवलेली नखं चालत नाहीत आणि आज फर्स्ट शिफ्ट. ब्लेडनं खरवडलं, जाईना. पलीकडच्या खोलीतला ज्योतीराम ट्रकच्या कारखान्यात पेंट शॉपला आहे, त्यानं बाटलीतून थिनर आणून दिलं. रंग निघाला, पण रात्रीच्या पोळीला त्याचा वास. विशा म्हणाली, आज ट्रकची पोळी आहे.

उरलेलेही लावीन. तू सांगितलंस म्हणून, असं लिहिणार होते, पण तसं नाही. काल संध्याकाळी गिरणीवर दळण होईपर्यंत मी नुसती माझ्या हातांकडं बघत उभी होते.

विशा रोज तुझी आठवण काढते. काळजी करू नकोस.

आक्का


कुवेत,
२ मार्च १९७८

आक्का,

तुमचं पत्र मी मेसमध्ये मोठ्यानं वाचलं. केरळच्या मुलींना मराठी कळत नाही, मी हिंदीत सांगत गेले. आता आमच्याकडं कुणी हिरवं काही नेसलं की सगळ्या ओरडतात, पोपट!

रंग काढायची बाटली त्यांच्यातल्याच एका सिस्टरबरोबर पाठवते आहे, ती मुंबईहून पोस्टात टाकेल. कापसावर घेऊन नखावर जरा वेळ दाबून धरा, मग पुसा. थिनर विशाखाच्या हाताला लावू नका. मोतिया रंगाची बाटली आधी दोन्ही तळव्यांत फिरवून घ्या, चमक तळाशी बसते. आणि त्याचा एकच हात पुरत नाही. पहिला हात लावला की वाटतं रंग लागलाच नाही, नुसतं दव बसलंय. दुसऱ्या हाताला तो उमटतो. मला हे त्या दुकानातल्या बाईनं स्वतःच्या नखावर दाखवलं.

माझ्या वॉर्डात एक अरबी मुलगी आहे, विशाखाएवढी. ताप चढला की माझं एक बोट मुठीत धरून झोपते, सोडवत नाही. मी खाटेशी उभी राहते. आपल्या पोरीचा हात केवढा झाला असेल, याचा अंदाज मला त्या मुठीवरून घ्यावा लागतो.

एक काम करा. विशाखाचा हात कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवा. आणि तिला आवडतील ते रंग त्या कागदावरच्या नखांना लावून पाठवा. फोटोत तिचा चेहराच येतो, हात तिनं मागं धरलेले असतात.

सरू


खराळवाडी, पिंपरी,
२८ जून १९७८

सरू,

उशीर झाला. पहिले दोन कागद वाया गेले, रंग घडीला चिकटून फाटले. हा तिसरा. वर बटर पेपर लावलाय तो हळू काढ.

अंगठ्याला तिनं मोरपिशी घेतला. पहिल्या बोटाला तांब्याचा, ऊन लागलं की तो घासलेल्या पातेल्यासारखा होतो. मधल्याला राखाडी, का तर म्हणे "ते बोट पाटीवर लिहितं." चौथ्याला तुझा मोतिया, दोन हात देऊन. करंगळीला काही नाही. मी म्हटलं, ती का कोरी? म्हणाली, "तिला आई स्वतः लावेल." मी तशीच ठेवली.

शाळेत मात्र गंमत झाली. गंमत कसली, भांडण झालं. सोमवारी ती मोरपिशी तसाच घेऊन वर्गात गेली, काढायचा राहिला होता माझ्याकडून. बाईंनी तिला बाकावर उभं केलं. पोरं "निळी नखं, निळी नखं" करून चिडवायला लागली. ती रडत घरी आली, हात फ्रॉकमध्ये गुंडाळून. दुसऱ्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती, मी सकाळीच शाळेत गेले.

बाई म्हणाल्या, "कामगार वस्तीतली मुलं, त्यांना कसली ही फॅशन लावता? कोण शिकवतं असलं घरी?"

मी म्हटलं, "नियम असेल तर सांगा, मी आजच पुसते. पण वस्ती काढू नका. आणि पोरीला बाकावर उभं करून इतर पोरांना हसवायचा नियम कुठल्या पुस्तकात आहे तो दाखवा."

बाईंनी हजेरीपट उघडला. 

विशा आता दुसरीत आहे. खाली ती स्वतः लिहितेय, मी काही सांगत नाही. कामाला जायची घाई आहे, ती लिहील तसं पाकीट बंद करून टाकते.

आक्का

सरूआई मी दुसरीत गेले. आईनं माझ्या नखांना मोरपिशी रंग लावला. बाई ओरडल्या. मग आई बाईंना ओरडली. तू कशी आहेस. मी बरी आहे. विशाखा


कुवेत,
३ ऑगस्ट १९७८

जाईआक्का,

पत्र मिळालं.

माझी मुलगी मला सरूआई म्हणते आणि तुम्हाला आई. हे तिला कुणी शिकवलं? मी घर सोडून आले ती कुणाच्या पोटासाठी, हे तिला कुणी सांगितलं का?

चाकणला जयसिंगदादाला लिहिलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो विशाखाला घेऊन जाईल. त्याच्या घरात मामी आहे, दोन मुलं आहेत, तिथं ती आत्याला आत्या आणि आईला आई म्हणायला शिकेल. तुमचे उपकार विसरणार नाही.

सरू


खराळवाडी, पिंपरी,
१६ नोव्हेंबर १९७८

सरू,

जयसिंग येऊन विशाला घेऊन गेला. तुला कळलं असेलच, पण माझ्याकडूनही कळावं.

तो भला माणूस आहे. बाजारात कांदा उतरवून टेम्पो रिकामा झाला तसा इकडं आला. दारात चप्पल काढून उभाच राहिला. म्हणाला, "आक्का, मला यात पाडू नका. बहिणीनं लिहिलं, म्या आलो." मी चहा केला. विशाला वाटलं मामाच्या टेम्पोत चक्कर मारायची आहे, ती उड्या मारत बसली. पिशवी ठेवलेली तिनं पाहिली आणि मग तिला कळलं. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "तुझी गुरुवारची नखं कोण रंगवणार?" मी म्हटलं, मी शिकले आता. टेम्पो हलला.

तू विचारलंस ते सांगते. शिकवलं मी नाही. शेजारची पोरं आई म्हणून हाका मारतात, ती ऐकून एक दिवस तिनं भाकरी मागताना मारली. मी भाकरी वाढली. त्या वेळी "आत्या म्हण" म्हणायला हवं होतं. शाळेतल्या बाईंनी मला तिची आई समजून झापलं तेव्हाही मी खोडून काढलं नाही. तोंडाशी आलं होतं, सरू. पण सगळ्या जन्मात मला ती हाक पहिल्यांदा आली होती, आणि मी ती तुझ्या घरातली उचलून घेतली. तू रागावलीस ते बरोबर आहे.

डबी मी तिच्याबरोबर द्यायला काढली होती. जयसिंग म्हणाला, घरात चालायचं नाही. म्हणून इथंच आहे. तू म्हणाली होतीस, एकेक रंग लावून बघा, म्हणून आज जांभळट काळा लावला. दोन्ही हातांना, स्वतःच. आता येतं मला. पहिला हात दिला तेव्हा तो काळा नव्हता, जांभळाच्या डागासारखा पातळ होता, नखाचा पांढरा भाग त्यातून दिसत होता. दुसऱ्या हातानं सगळं झाकलं. खिडकीशी हात धरला की जांभळा, आत घेतला की काळा. चांगला रंग आहे. असा रंग मी दुकानात कधी मागितला नसता.

कुणाला तरी दाखवायचा म्हणून अंबूबाईंकडं गेले. त्यांनी नखं बघितली. म्हणाल्या, "बस, च्या घे."

आक्का


कुवेत,
११ जानेवारी १९७९

आक्का,

तुमचं पत्र घेऊन मी फिरते आहे. उत्तर काय लिहू?

तुम्ही भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

चाकणहून मला पत्रं येतात. "मी मजेत आहे. अभ्यास करते. तू काळजी करू नकोस." अक्षर मामीचं. खाली विशाखा म्हणून सही, तीही मामीचीच. मी दादाला लिहिलं, तिलाच लिहू दे, चुका होऊ देत. तर उत्तर आलं, ती लिहीत नाही, कागद पुढं ठेवला की बघत बसते.

तो हाताचा कागद मी फाडणार होते ऑगस्टात. फाडला नाही. त्यावर माझा हात ठेवून पाहिला. तिची बोटं लांब आहेत हो, भीमराजसारखी. मला ती आखूड आठवत होती. त्या दिवशी कळलं की मला जी पोर आठवते ती आता कुठंच नाही. जी आहे तिला फक्त तुम्ही ओळखता. राग त्याचा होता, आक्का. तुमच्यावर निघाला.

मला ड्यूटीवर उभं राहवत नाही. तुम्ही एकदा चाकणला जाऊन तिला बघून याल? मला खरं काय ते लिहा. यावेळी मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

सरू


खराळवाडी, पिंपरी,
९ मार्च १९७९

सरू,

काल गुरुवारी चाकणला गेले. आधीही जायला हवं होतं. जयसिंगला वाटेल मी पोर परत न्यायला आले, म्हणून पाय निघत नव्हता.

एसटीतून उतरले तर समोरच थांब्याच्या बाकावर विशा. शाळेचं दप्तर मांडीवर. मला बघून ती धावली नाही. जागची उठलीसुद्धा नाही. मी जवळ बसले. हात बघू म्हटलं, तर तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी ओढून बाहेर काढले. सरू, खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. तिनं दहाही नखं खाऊन टाकली आहेत. मुळापर्यंत, दोन-तीन बोटांना रक्त वाळलेलं. मी पिशवीत मोतिया बाटली नेली होती, तिला आवडतो म्हणून. लावायला नख नव्हतं.

जयसिंग तिथंच आला. म्हणाला, "आक्का, रोजचं हाय हे. शाळा सुटली की हितं येऊन बसती. पिंपरीची गाडी आली की उतरनारी मानसं बघती. म्या उचलून घरी न्यायचं. आमी काय कमी करत न्हाई वो तिला."

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे जयसिंग."

"मग घिऊन जा. सरूला म्या लिवतो. बहिणीचा राग मी सोसंन, पर हे बघवत न्हाई."

घरी विशाची मामी रडली. तिनं तिळाचे लाडू बांधून दिले. त्यांना बोल लावू नकोस.

गाडीत मी तिला सांगितलं, "विशा, मी आत्या आहे. तुझी आई कुवेतला आहे, ती तुझ्यासाठीच तिकडं गेली आहे." ती खिडकीबाहेर बघत होती. भोसरी गेली तेव्हा म्हणाली, "मला माहीत आहे. ती तिकडं आई आहे. पण इकडं कोण आहे?"

 तुला याचं उत्तर सुचलं तर लिही.

आक्का


कुवेत,
१९ एप्रिल १९७९

आक्का,

नाही सुचलं. म्हणून स्वतःच येते. मे महिन्यात दोन महिन्यांची रजा मिळाली आहे.

तिला विमानतळावर आणू नका. तिथं गर्दीत तिनं मला ओळखलं नाही तर मला ते चार माणसांत सोसणार नाही. घरीच असू दे. तुम्ही दोघी नेहमीसारख्या दारात बसा, मी येते.

तिची नखं थोडी वाढली का? मी इथल्या दुकानातून नवे रंग घेऊ का, की नको?

मला भीती वाटते.

सरू


मु. पो. निंभोरे, ता. फलटण,
२१ जून १९७९

सरू,

तू आलीस आणि मला मावशीच्या आजारपणासाठी इकडं यावं लागलं. चतुरामावशी अजून अंथरुणावर आहे. तिला उठायला-बसायला माणूस लागतं, म्हणून माझं येणं लांबतंय. कंपनीकडून बिनपगारी रजा वाढवून घेतली आहे. माझी घाई करू नका. तुम्ही दोघी नीट राहा.

विशाला सकाळी दूध कोमट लागतं. वेणी घालताना उजवीकडचा भोवरा आधी विंचरायचा, नाहीतर ती रडते. हे सगळं तुला एव्हाना कळलंच असेल. मी उगीच लिहिते.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही दोघी बाजारात गेला होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी विशानं माझ्या नखांना तांब्याचा रंग लावला होता. तो मी काढला नाही. आता मुळाकडून कोरं नख वर येतंय आणि रंग पुढं पुढं सरकतोय. अर्ध्यावर आलाय. रोज शेतात हात मातीत असतो तरी तो टिकून आहे, कुवेतचा माल चांगला. इथल्या बायका विचारतात, बोटांना अर्धंच काय लागलंय? मी सांगते, लागलं होतं पूर्ण.

तुझ्या परतायच्या तारखेआधी मी येईनच. पोरीला एकटी ठेवणार नाही.

आक्का


खराळवाडी, पिंपरी,
८ जुलै १९७९

आक्का,

मावशींचा धोंडीबा कंपनीत चिकटायचं बघायला परवा पिंपरीला आला होता. त्याला विचारलं, आईची तब्येत कशी? म्हणाला, "आईला काय झालंय? दोन भाकरी खाऊन रानात जाती. जाईआक्का तिच्याबरोबर खुरपायला असती." आजारी माणसाच्या घरी असताना हात मातीत कसे, हे मला पत्र वाचतानाच कळायला हवं होतं.

तुम्ही जागा करून देण्यासाठी गेलात. आणि मी ती घेतली. तुम्ही गेलात तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं, हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटते. वाटलं, आता आम्ही दोघीच, आता ती माझी होईल.

पहिल्या दिवसापासूनचं सांगते. ती माझ्याशी चांगलं वागते. पाहुण्यांशी वागतात तसं. पाणी आणून देते. झोपताना पांघरूण अंगावर ओढून भिंतीकडं तोंड करते. मी आणलेले फ्रॉक घालते आणि संध्याकाळी घडी करून परत माझ्या बॅगेत ठेवते, जसे माझेच आहेत.

एका गुरुवारी मी डबी काढली. म्हटलं, ये, रंग लावू. ती आली, हात पुढं केला. तिची नखं आता छान वाढलीत. मी मनगट धरलं आणि कुंचला बुडवला. ती म्हणाली, "तू माझी नाडी बघतेस का?" मी बघितलं तर माझी बोटं खरंच तिच्या नाडीवर होती. इतक्या पोरांचे हात धरले ना मी तिकडं, दुसऱ्या तऱ्हेनं धरायचं विसरून गेले. मी विचारलं, "मग कसा धरू?" तिनं दाखवलं. तळवा खाली, त्याच्यावर तिचा तळवा, बोटं मोकळी. "असा. आत्या असा धरते. मग हलत नाही." मी तसा धरला. पाचही नखांना राखाडी लावला. त्यावर तिच्याच सांगण्यावरून चमकीचा एक हात दिला, पाटीवर कुणी साखर सांडल्यासारखं दिसलं. ती बघून हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, सापडली मला वाट.

मग परवाचं. माझं विमान पुढच्या सोमवारी आहे, आक्का. मी जाणार नाही. तिकीट तसंच ठेवून बसलेय. चिंचवडला एका कंपनीच्या दवाखान्यात नर्स हवी आहे, तिथं जाऊन आले, पुढच्या आठवड्यात रुजू व्हा म्हणाले. त्याच आनंदात परत येत होते, तर नळापाशी आरडाओरडा. विशाखा शेवाळावरून घसरली होती, भुवई फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. ती "आई, आई" करून ओरडत होती. मी पिशवी टाकून धावले. "आले गं, आई आली." तिला उचलून घेतलं. माझ्या खांद्यावरून ती रस्त्याकडं बघत होती आणि हाका मारतच होती. अंबूबाई मला म्हणाल्या, "सरू, ती तुला न्हाई बोलवत गं." त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता.

जखम मी स्वतः धुतली. टाके घालायला रिक्षानं नेलं. डॉक्टर सुई घालताना तिनं माझा हात धरला, घट्ट धरला. पण हाक तुम्हालाच मारली. मी तिच्या कानाशी म्हटलं, "येतेय ती. मी तिला बोलावते." तेव्हा ती गप्प झाली.

म्हणून हे पत्र. तुम्ही मला विचारलं होतं ना, इकडं कोण आहे. मी दोन महिने त्याचं उत्तर मीच आहे असं धरून बसले होते. तसं नाही. ती दोघींची आहे, आणि तिला एकीनं दुसरीसाठी उठून जायची सवय बघवत नाही. आपण दोघींनी आळीपाळीनं तिला तेच दाखवलं. आधी मी गेले, मग तिला नेलं, मग तुम्ही गेलात.

तुम्ही परत आलात की ती तुम्हाला काय म्हणेल आणि मला काय, ते तिचं तिला ठरवू दे. मला लागेल. लागू दे. लांबून लागण्यापेक्षा इथं लागलेलं परवडलं.

तुम्ही येताय असं मी तिला सांगून टाकलं आहे.  डोळ्यावर पट्टी आहे, एकाच डोळ्यानं माझ्याकडं बघत होती.

"ती आली की तू जाणार?"

"नाही."

"मग कोण जाणार?"

"कुणीच नाही."

तिचा विश्वास बसलेला नाही, आक्का. नुसत्या बोलण्यानं तो बसणारही नाही. तुम्ही दारात आणि मी स्टोव्हपाशी, असं तिला एकाच वेळी दिसायला हवं. मिळेल त्या गाडीनं या.

सरू